बोटीवरचा अर्धा तास

शालूबाईनं बोटीची गोष्ट सुरू केली की मनुबाईला उठून जावंसं वाटायचं. पण पंचावन्न वर्षांत ती कधी उठून लांब गेली नाही. फार तर दारापर्यंत जायची. तिथं चौकटीला टेकून, पाठ करून, हातातलं सूप उगाच हलवत शेवटपर्यंत ऐकायची. शालू कुठं थांबणार, कुठं हसणार, पृथ्वीच्या मधल्या रेघेवरून बोट गेली तेव्हा कप्तानानं भोंगा वाजवला हे सांगताना तिचा हात कसा वर जाणार, सगळं तिला पाठ झालं होतं. आणि दर वेळी छातीत तशीच जळजळ उठायची.

दोघी सख्ख्या जावा. मनुबाई थोरली, उंब्रजच्या हंबीररावांची बायको. शालूबाई धाकटी, हंबीररावांच्या पाठच्या अर्जुनाची. आता दोघींचे धनी गेलेत. मनुबाई त्र्याऐंशीची आहे, शालूबाई तिच्याहून दोन वर्षांनी लहान. मनुबाई उंब्रजला नातवंडांत राहते, शालूबाई सांगलीला मुलाकडं. वर्षातून दोन-चार वेळा गाठ पडायची, आणि प्रत्येक गाठीला कुणी ना कुणी नवीन पाहुणा शालूबाईला म्हणायचाच, की काकी, तुम्ही म्हणे बोटीनं आफ्रिकेला गेला होता.

मनुबाईला हे लागायचं त्याला कारण होतं. त्या बोटीनं जायचं होतं तिला.

एकसष्ट साली हंबीरराव आणि अर्जुना दोघेही सांगलीच्या एका कारखान्यात फिटर होते. पलटणीतून सुटून आफ्रिकेत गेलेला त्यांच्या ओळखीचा एक माणूस मोंबासाच्या बंदरातल्या वर्कशॉपात फोरमन झाला होता. त्यानं कळवलं, की दोघांपैकी एकाची वर्णी लावतो, बायकोलाही आणता येईल. थोरला म्हणून हंबीररावांचं नाव ठरलं. साताऱ्याच्या स्टुडिओत नवरा-बायकोचा फोटो काढला. सिव्हिल हॉस्पिटलात मनुबाईला देवीची लस नव्यानं टोचली. दंड सुजला, दोन दिवस तापानं फणफणली, तरी आतून खुशीत होती. विहिरीवर बायका विचारायच्या, काय गं झालं, तेव्हा ही पदर सारून दंड दाखवायची. समुद्रावर वारं लय असतं असं कुणीतरी सांगितलं, म्हणून तिनं लांब बाह्यांच्या दोन चोळ्या शिवून घेतल्या. समुद्र तिनं पाहिला नव्हता. पुराची कृष्णा हेच तिचं मोठ्यात मोठं पाणी.

मग एक दिवस सासरे न्याहारीला बसले असताना म्हणाले, थोरल्यानं शेत बघायचं, धाकट्याला धाडा. हंबीररावांनी मान खाली घालून भाकरी खाल्ली. चुलीपुढं बसलेल्या मनुबाईनं उरलेलं सगळं पीठ थापून संपवलं. तिला कुणी काही विचारलं नाही. चार दिवसांनी सासूनं तिच्या ट्रंकेतल्या त्या दोन चोळ्या काढून शालूला दिल्या. तुला आता काय उपेग, एवढंच म्हणाली.

पोचवायला हंबीरराव आणि मनुबाई मुंबईपर्यंत गेले. धक्क्यावर बोट उभी होती. काळं धुराडं, त्यावर पांढरे पट्टे, आणि खालपासून वरपर्यंत माणसंच माणसं. पास काढला तर पोचवणाऱ्यांना अर्धा तास वर जाता यायचं. मनुबाई शिडी चढून वर गेली. खालच्या वर्गात लोखंडी बाजांच्या दुमजली रांगा होत्या. रंगाचा, तेलाचा आणि कुणाच्या तरी लोणच्याचा वास येत होता. अर्जुना ट्रंक शोधायला गेला, हंबीरराव त्याच्या मागं, शालू पाणी बघायला. तेवढा वेळ मनुबाई शालूच्या बाजेवर एकटी बसली. भिंतीला हात लावला तर भिंत थरथरत होती. खाली यंत्र तापवायला घेतलं होतं. पांढऱ्या कपड्यातला एक खलाशी यादी घेऊन आला आणि त्यानं हिंदीत विचारलं, बाई, कुठं उतरणार. मनुबाई म्हणाली, "मोंबासा." त्यानं मान हलवली आणि पुढं गेला.

मग घंटा झाली. शालू आली, तिच्या अंगात मनुबाईची चोळी होती. मनुबाई उठली, तिनं जागा दिली आणि शिडी उतरली. बोट सुटताना वरच्या लोकांनी रंगीत कागदी फिती खाली सोडल्या. एक फीत मनुबाईच्या हातात आली. ताणत ताणत गेली आणि तुटली. एसटीत बसल्यावर हंबीररावांनी विचारलं, बोट कशी वाटली. ती म्हणाली, वास येतो.

सात वर्षांनी तिकडं काळ्या लोकांचं राज्य आलं होतं, बाहेरच्या माणसांची कामं जायला लागली होती, म्हणून अर्जुना आणि शालू परत आले. बरोबर तीन वर्षांचा उदयसिंह, काळ्या लाकडाचा हत्ती आणि ती गोष्ट. नऊ दिवसांची गोष्ट. पहिल्या दिवशी मुंबई पाठीमागं बुडाली. दुसऱ्या दिवशी अख्खी बोट ओकली. तिसऱ्या दिवशी उडणारे मासे दिसले. चौथा दिवस शांत, सांगण्यासारखं काही नाही. पाचव्या दिवशी पृथ्वीची मधली रेघ आणि भोंगा. सहाव्या दिवशी सेशेल्सचं बेट, होड्यांतून केळी विकायला आलेली माणसं. अशी ती मोंबासाच्या धक्क्यापर्यंत जायची. गावातल्या बायका तोंडात बोट घालून ऐकायच्या.

हंबीररावांना बायकोचं दुखणं कळत होतं. एकदा त्यांनी तिला तापोळ्याला नेलं आणि शिवसागराच्या पाण्यात लाँचमध्ये बसवलं. पाऊण तासात लाँच फिरून परत आली. घरी येईपर्यंत मनुबाई त्यांच्याशी बोलली नाही. पुढं नातवानं तिला विमानानं काशीला नेलं. आल्याबरोबर तिनं सांगलीला फोन लावला. शालूबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "विमानाचं काय, आक्का, बसलं की उतरलं. बोटीत माणूस जातंय." मनुबाईनं फोन ठेवला आणि महिनाभर उचलला नाही.

गेल्या दिवाळीनंतर उदयसिंहाचाच फोन आला. त्याचं कुपवाडला छोटं वर्कशॉप आहे, सकाळी गेला की दिवेलागणीला येतो. बायकोचं, मायाचं, पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं. आणि शालूबाईला आता एकटं सोडता येत नव्हतं, तिचं ध्यान राहत नव्हतं. थोरल्या आई, महिनाभर येशील का, त्यानं विचारलं. मनुबाई दुसऱ्या दिवशी निघाली. जाताना मनात होतं ते तिनं कुणाला सांगितलं नसतं. बोट विसरलेली शालू कशी दिसते, ते तिला बघायचं होतं.

शालूबाई बारीक झाली होती, पण चेहरा हसरा होता. मनुबाईला तिनं ओळखलं. दोन दिवस इकडचं तिकडचं बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी शेजारीण आली, तिच्यासमोर शालूबाई म्हणाली, "आमी यष्टीनं मोंबासाला गेलो." शेजारीण हसली.

याच क्षणाची मनुबाईनं इतकी वर्षं वाट पाहिली होती. पण तिचं डोकंच तापलं. "यष्टीनं कशी जाशील गं?" ती म्हणाली. "बोटीनं गेलीस की." आणि शेजारणीला तिनं धुराड्यापासून सगळं नीट सांगितलं. शेजारीण गेल्यावर तिला स्वतःचंच नवल वाटलं. पण रोज तेच व्हायला लागलं. शालू दिवस उलटसुलट करायची, मासे आधी आणि ओकाऱ्या नंतर घालायची, आणि मनुबाई ते जागच्या जागी लावून द्यायची.

उदयसिंहाची मुलगी उत्कर्षा कॉलेजात इतिहास शिकते. त्यांना जुन्या काळातल्या प्रवासावर प्रकल्प होता. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बोलतं करायचं आणि ते मोबाईलवर टिपायचं. तिनं पुस्तकांच्या चळतीवर मोबाईल उभा केला, आजीला चांगलं लुगडं नेसवलं, काळा हत्ती शेजारी ठेवला. शालूबाई मोबाईलकडं बघत बसली. उत्कर्षानं दोन-तीनदा आठवण करून दिली, तशी म्हणाली, "कसली बोट?"

मनुबाई दारात उभी होती. "सरक," ती म्हणाली आणि पुढं येऊन बसली. पहिली दोन वाक्यं तिनं "आमची शालू" म्हणून सांगितली. तिसऱ्या वाक्याला ती गोष्टीतल्या बाजेवर बसली, तिनं भिंतीला हात लावला, आणि तिथून पुढं ती "मी" म्हणाली. मी ओकले. मी मासे बघितले. शालूच्या गोष्टीत कधीच नसलेला रंगाचा वास तिच्या गोष्टीत आला, पायाखालची थरथर आली. उत्कर्षाच्या ध्यानात आलं, पण सांगणं इतकं रंगलं होतं की तिनं मोबाईल बंद केला नाही. मोंबासाच्या धक्क्यावर उतरेपर्यंत मनुबाईचे गाल तापले होते. 

रात्रीचं जेवण झाल्यावर माया पलंगावरून म्हणाली, "थोरल्या आत्या, तुम्ही कधी गेला होता हो बोटीनं?"

"व्हिडिओ बरा झालाय का न्हाई तेवढं बघा," मनुबाई म्हणाली.

व्हिडिओ बराच बरा झाला होता. कॉलेजच्या सरांना तो आवडला. त्यांनी प्रदर्शनाच्या दिवशी त्या आजींनाच बोलवायचं ठरवलं. उत्कर्षा अवघडली. थोरली आजी, तू आमच्या आजीच्या वतीनं सांग, असं तिनं घरी चार वेळा बजावलं. मनुबाईनं चारही वेळा मान हलवली आणि पेटीतलं इरकल काढून उन्हात घातलं. मायाला अजून फार ऊठबस जमत नव्हती, म्हणून शालूबाईलाही बरोबर न्यावं लागलं. उदयसिंहानं तिला पहिल्या रांगेत बसवलं आणि शेजारी स्वतः बसला.

सरांनी ओळख करून दिली ती थेट अशी, की समुद्र ओलांडून आफ्रिकेला गेलेल्या आजी आज आपल्यात आहेत. उत्कर्षा जागेवरून अर्धवट उठली. मनुबाईनं तिच्याकडं बघितलंच नाही. माईक हातात घेतला आणि सुरुवात केली.

हॉलमध्ये दीड-दोनशे पोरं होती. मुंबई बुडाली तशी ती गप्प झाली. ओकाऱ्यांना हसली. उडणारे मासे आले तेव्हा मागची पोरं पुढं वाकली. मनुबाईला वाटलं, असंच असायचं हे. शालूला इतकी वर्षं असंच वाटत असणार. आणि लगेच हेही मनात आलं, की हे सुख तिनं इतकी वर्षं एकटीनं घेतलं.

"चौथा दिवस शांत हुता," ती म्हणाली. "सांगण्यासारखं काय न्हाई. पाचव्या दिवशी..."

"आन् पोराचं?" पहिल्या रांगेतून शालूबाई म्हणाली.

काही पोरं हसली. उदयसिंहानं आईच्या हातावर हात ठेवला. मनुबाई थांबली. असं काही गोष्टीत नव्हतं. पंचावन्न वर्षांत एकदाही नव्हतं. "कुठलं पोर?" ती हळूच म्हणाली, पण माईक हातात होता, सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"माजं," शालूबाई म्हणाली. आवाज साधा होता, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसा. "चौथा म्हैना हुता. सांगितलं तर जाऊ दिलं नसतं, म्हणून घरात बोलले न्हवते. चौथ्या दिशी गेलं. गोव्याची एक नर्सबाई हुती, तिनं पांढऱ्या फडक्यात बांधलं, वजनाला लोखंड घातलं. ह्यांनी मागल्या अंगानं पाण्यात सोडलं. मला वर येऊ दिलं न्हाई." मग तिनं मनुबाईकडं नीट बघितलं. "तुमाला म्हाईत न्हाई व्हय, आक्का? तुमी कुठं हुता तितं."

 उदयसिंह आईकडं बघत राहिला. साठीचा तो माणूस, आपल्या आधी कुणी होतं हे त्याला आज कळत होतं.  खाली बसायला खुर्ची होती, पण मनुबाई बसली नाही.

"बोटीनं ही गेली," ती माईकमध्ये म्हणाली. "मी धक्क्यावरनं माघारी आले."

ती पायऱ्या उतरून खाली आली आणि माईक तिनं शालूबाईपुढं धरला. पण तोवर शालूबाईच्या डोळ्यांतून ते सगळं निघून गेलं होतं. चहा कधी येणार, असं तिनं विचारलं. सर शाल घेऊन आले आणि दोघींच्या मध्ये उभे राहिले. शाल एकच होती. मनुबाईनं ती त्यांच्या हातातून घेऊन शालूच्या खांद्यावर घातली. घालतानाही तिला वाटलंच, की हा रंग मला शोभला असता.

घरी आल्यावर ती तडक मायाच्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं आणि विचारलं, तुला हे ठाऊक होतं का.

मायानं होय म्हटलं. लग्नानंतर तिचं पहिलं पडलं होतं, तेव्हा सासूनं तिच्या उशाशी बसून सांगितलं होतं. कुणाला बोलायचं नाही म्हणून शपथ घातली होती.

"मला बी न्हाई?"

माया जरा घोटाळली. मग म्हणाली, "तुम्हाला तर अजिबात नाही, असं म्हणाल्या होत्या. म्हणाल्या, आक्कांना माझ्या बोटीचा लय हेवा वाटतो, तो ऱ्हाऊ दे. त्या जळल्या की मला बी वाटतं, मी चांगल्याच प्रवासाला गेले हुते."

 त्यानंतर दोन दिवस मनुबाई शालूबाईशी बोलली नाही. पोराचं वाईट वाटत होतं, ते खरं. अठरा वर्षांची पोर, चोहीकडं पाणी, जवळ घरचं बाईमाणूस नाही, हे डोळ्यापुढून हलत नव्हतं. पण त्याहून वर येत होतं ते निराळंच. सून काल आलेली, तिला सांगितलं. आपण एका चुलीवर हिच्याबरोबर भाकऱ्या भाजल्या, हिच्या उदयसिंहाला मांडीवर झोपवलं, आणि आपल्याला मात्र नुसते मासे आणि भोंगा. आपला हेवासुद्धा हिनं वापरून घेतला. मायानं हाक मारली तरी मनुबाई तुटक उत्तर द्यायची. मायानं पलंगावरून चहाचं विचारलं तर म्हणायची, तुझ्या सासूला दे आधी, तुमचं दोघींचं लय जमतं.

तिसऱ्या दिवशी शालूबाई आपणहून तिच्याजवळ येऊन बसली. तिला भांडण आठवत नव्हतं. केस विंचरायचे होते, फणी हातात होती. मनुबाईनं फणी घेतली. विंचरता विंचरता शालूबाईनं विचारलं, ती बोटीची गोष्ट कुणाची हो, कुणीतरी सांगत होतं.  मनुबाईनं ती सांगायला घेतली. या वेळी "तू" म्हणून. तू शिडी चढलीस. तुझी बाज खालच्या रांगेत होती.

महिना केव्हाच उलटला. माया हिंडाफिरायला लागली. उदयसिंहानं विचारलं, थोरल्या आई, उंब्रजला कधी सोडू. शिमगा झाल्यावर बघू, मनुबाई म्हणाली. शिमगा झाला, तिनं विषय काढला नाही, त्यानंही काढला नाही. रोज दुपारी गोष्ट व्हायची. शालूबाई ती ऐकायची ते परक्या बाईची ऐकावी तशी, डोळे मोठे करून. कुणी पाहुणा आला की मनुबाई मध्येच थांबायची आणि आता पाहुण्याला कोण सांगतं ते बघायची. कुणीच सांगायचं नाही, मग तीच पुढं सांगायची.

परवा शेजारणीची बहीण खंडाळ्याहून आली होती. शालूबाईनं तिला बसवलं, पाणी दिलं आणि मनुबाईकडं बोट केलं.

"ह्या आमच्या आक्का," ती म्हणाली. "आफ्रिकेला गेलत्या बोटीनं. नऊ दिस. मला न्हाई कवा कुणी नेलं."

मनुबाईनं तिच्याकडं बघितलं. शालूची नजर खाली होती, ओठ मुडपलेले होते, आणि बोटं पदराच्या काठाशी चाळा करत होती. हे रूप मनुबाईच्या चांगलं ओळखीचं होतं. दुसऱ्या कुणाच्या तोंडावर ते तिनं पहिल्यांदाच पाहिलं. आपण ज्याच्यासाठी इतकी वर्षं जळलो ते आता आपल्याला मिळालं, हे तिला कळलं, आणि त्याचं काय करायचं ते मात्र कळेना. पाहुणी वाट बघत होती.

"तवा तिकीट एकच मिळालं हुतं गं," मनुबाई शेवटी म्हणाली.

"व्हय, असंल," शालूबाई म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत रुसून बसली.